टर्कीचं ब्रेस्ट ओव्हनमध्ये कोरडं काऊन पडतं, आणि त्यात संत्र्याचं नेमकं काम काय

टर्कीचं ब्रेस्ट, म्हणजे छातीचं मांस, कोरडं पडतं ते मसाला कमी झाला म्हणून नाही, मॅरिनेट कमी वेळ केलं म्हणूनही नाही. आतलं तापमान दहा-पंधरा डिग्रीने जास्त चढलेलं असतं, एवढंच कारण. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं, म्हणजे संत्रं, लिंबू, रोझमेरी, थाइम, बटर, यातलं कोण काय काम करतंय ते आपोआप समजायला लागतं.

हे लिहायचं कारण असं की नोव्हेंबर लागला की नागपुरात दोन गोष्टी एकदमच येतात. एकीकडे आंबिया बहाराची संत्री, काटोल-नरखेड-वरुडकडून कळमन्याच्या बाजारात गाड्याच्या गाड्या, आणि दुसरीकडे अमेरिकेतल्या पोरापोरींचे थँक्सगिव्हिंगचे, म्हणजे तिकडच्या टर्की भाजून खायच्या सणाचे, फोटो घरच्या ग्रुपवर येऊन पडतात, कारण तो सण तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, आणि मग इकडे कोणीतरी म्हणतंच की या नाताळाला आपणही करून पाहू. फ्रोझन ब्रेस्ट ऑर्डर केलं की मिळतं, रेसिपी मोबाइलवर आहे, ओटीजी, म्हणजे छोटा इलेक्ट्रिक ओव्हन, घरात आहे. पण रेसिपी फक्त काय करा ते सांगते, का करा ते सांगत नाही, आणि आपला तुकडा त्यांच्या तुकड्याएवढा नसतो, आपला ओव्हन त्यांच्यासारखा नसतो, मग घड्याळ लावून केलेलं बिघडतं. ते ‘का’ मला इथे नीट सांगायचंय.

आधी मांस समजून घेऊ. टर्की हा जमिनीवर चालणारा पक्षी, दिवसभर पायावर, उडणं फक्त जीव वाचवायला झपकन झाडावर जाण्यापुरतं. त्यामुळे पायाचे स्नायू सतत कामात, त्यात मायोग्लोबिन हे लाल रंगाचं प्रोटीन जास्त म्हणून ते गडद दिसतात, चरबीही जास्त आणि स्नायू बांधून ठेवणारं कोलॅजनही जास्त. छातीचे स्नायू मात्र थोडाच वेळ जोर लावणारे, म्हणून पांढरे, कोलॅजन कमी आणि चरबी अगदी नावाला, स्किन काढली तर शंभर ग्रॅममागे दीड-दोन ग्रॅम. वजनाचा पाऊण भाग तर पाणीच.

आता आपल्या इकडच्या माणसाचा हात बसलेला असतो रश्श्यावर. सावजी मटण म्हणा की गावरान कोंबडी म्हणा, तिथे हिशोब असा की जेवढा वेळ शिजेल तेवढं मऊ, आणि तो हिशोब तिथे बरोबरच आहे कारण त्या मांसात कोलॅजन भरपूर असतं आणि बराच वेळ उष्णता मिळाली की त्याचं जिलेटिन होतं, मांस हाडावरून सुटतं, वरून तर्री असते तीही तोंडात ओलावा देते. ब्रेस्टमध्ये ते कोलॅजनच फारसं नाही, तर वेळ देऊन मऊ काय होणार? उलटच होतं. ‘अजून थोडं राहू दे, कच्चं नको राहायला’ हे जे आपण म्हणतो ना, ब्रेस्टचं सगळं नुकसान तिथेच होतं.

सेल्सिअस डिग्रीत पाहायचं तर पन्नासच्या आसपास मायोसिन नावाचं प्रोटीन आकसायला लागतं आणि मांस पांढरं दिसायला लागतं. साठ-पासष्टला तंतूंभोवतीचं वेष्टण आवळतं आणि ओला कपडा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर यायला लागतं. सत्तरच्या आजूबाजूला ॲक्टिन हे दुसरं प्रोटीनही आकसतं, आणि तिथून पुढे पाणी जातच राहतं, ऐंशीच्या वर गेलात की मग घास नुसता चावत बसा, गिळवत नाही. तेव्हा कितीही ग्रेव्ही ओता, ती बाहेरच राहते, तंतूंच्या आत परत जात नाही.

मग साठलाच काढून घ्यावं का, तर नाही. कोंबडी असो की टर्की, साल्मोनेला हा खरा धोका आहे. जंतू मरणं हे तापमान आणि वेळ या दोघांवर मिळून असतं, पासष्टला काही मिनिटं तशीच टिकवावी लागतात, चौऱ्याहत्तरला मात्र जवळजवळ लगेच मरतात, आणि म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने घरच्या स्वयंपाकासाठी १६५ हा आकडा दिलाय. हे १६५ फॅरनहाइट बरं का, आणि तेही मांसाच्या आतलं, ओव्हनचं नाही. सेल्सिअसमध्ये ते ७४. तिकडच्या रेसिपीत ‘ओव्हन ३२५’ असं लिहिलेलं असतं तेही फॅरनहाइटच, आपल्या ओटीजीवर ते होतं साधारण १६०-१६५. आपल्या ओटीजीचा काटा २५०च्या पुढे जात नाही म्हणून ३२५ वाचून लोक फुल्लवर ठेवून देतात, आणि १६५ला ओव्हनचं सेटिंग समजतात. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून ओव्हनवर चिकटवून ठेवा.

तर घरी ७४ हाच आकडा धरायचा, घरात म्हातारी माणसं, लहान लेकरं असतात. फक्त तो ओव्हनमध्ये गाठायचा नाही, बाहेर गाठायचा. तुकडा बाहेर काढला तरी त्याचा वरचा भाग आतल्यापेक्षा खूप गरम असतो आणि ती उष्णता आत सरकत राहते, दीड किलोच्या तुकड्यात चार-पाच डिग्री सहज चढतात. म्हणून ७० दिसलं की काढायचं, वरून फॉइल सैल टाकायची, वीस मिनिटं हात लावायचा नाही, आणि मग परत मोजायचं. ७४ झालं नसेल तर पाच मिनिटं पुन्हा आत.

यासाठी प्रोब थर्मामीटर, म्हणजे टोक मांसात खुपसून तापमान मोजणारा, लागतोच. पाच-सातशे रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि मी तर म्हणेन रोझमेरी नसली तरी चालेल, हा पाहिजे. टोक सगळ्यात जाड जागी, हाडाला न टेकवता घालायचं. सुरी टोचून रस पांढरा आला का ते पाहायची पद्धत भरवशाची नाही, रसाचा रंग कधीकधी ७४ नंतरही गुलाबीच राहतो.

आता मीठ. या सगळ्या सामानात आत जाऊन काम करणारं हे एकटंच आहे, बाकी सगळं वरच्या दोन-चार मिलिमीटरात थांबतं, लसूण असो, संत्र्याचा रस असो की कोणताही मसाला. मीठ हळूहळू आत शिरतं आणि तिथल्या प्रोटीनचा थोडा भाग विरघळवतं, त्यामुळे तापल्यावर तंतू कमी आकसतात आणि पाणी धरून ठेवतात. हाडासकट दीड किलो तुकड्याला पंधरा ते अठरा ग्रॅम, म्हणजे साधं बारीक मीठ सपाट तीन चमचे, टीस्पून. हाताने सगळीकडे चोळायचं, स्किन थोडी सोडवून आतूनही, आणि फ्रिजमध्ये उघडंच एक रात्र, जमलं तर दीड दिवस. पहिल्या तासाभरात पाणी सुटेल, घाबरायचं नाही, तेच खारं पाणी परत आत जातं. उघडं यासाठी की स्किन सुकावी, त्याचं कारण पुढे येतंच. मात्र पाकीट आधी वाचा, बऱ्याच फ्रोझन टर्कींना कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, तसं असेल तर मीठ अर्ध्यावर आणा.

मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची पद्धतही आहे, तिला वेट ब्राइन म्हणतात. मला ती ब्रेस्टसाठी पटत नाही. मांस रसाळ राहतं खरं पण जे पाणी वाढतं ते नळाचंच असतं, चव पातळ होते, स्किन ओली राहते, आणि एवढं मोठं भांडं फ्रिजमध्ये मावतं कुठे.

आता येतो संत्र्याकडे, आणि इथे नागपूरकराला थोडं थांबून सांगावं लागेल कारण आपल्याला वाटतं संत्र्याचं जे काही आहे ते रसात आहे. भाजण्याच्या कामात तसं नाही. संत्र्याचा जो वास आपण ओळखतो तो सालीत असतो, सालीच्या वरच्या नारिंगी थरात बारीक बारीक तेलाच्या पिशव्या असतात, साल दाबली की जो फवारा डोळ्यात उडतो ना, तो त्या पिशव्यांचा. त्यात मुख्य असतं लिमोनीन. हे तेल पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून नारिंगी थर किसायचा आणि बटरमध्ये कालवायचा, म्हणजे तो सुगंध उडून न जाता बटरमध्ये धरला जातो आणि भाजताना मांसावर पसरतो.

नागपुरी संत्र्याची साल सैल, आतून सुटलेली, सोलायला मस्त पण किसायला त्रास, किसणीवर ती आत दबते. त्यामुळे घट्ट सालीची, नुकती आलेली फळं निवडा, सोलायच्या आधीच किसा, आणि किसताना फळ फिरवत राहा, एकाच जागी घासू नका, खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आला. सोबत एक-दोन लिंबांची साल घ्या, लिंबाची साल घट्ट असल्याने पटकन किसली जाते आणि वास जास्त टोकदार असतो. फळं आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, वर फवारणीचं औषध असतं, चकचकीत पॅकिंगवाल्या फळांवर तर मेणही असतं.

रस का नको, त्याची दोन कारणं. एक म्हणजे आंबटपणा. लिंबाच्या रसात मांस रात्रभर ठेवलं की वरचा थर ॲसिडनेच आकसतो, पांढरट होतो, आणि भाजल्यावर तो थर भगरा लागतो, आत तर रस पोचतच नाही. दुसरं कारण आपल्या संत्र्याचं स्वतःचं आहे. संत्र्याचा ताजा रस गोड लागतो पण तोच तासा-दोन तासांनी कडू होतो हे आपल्यापैकी कोणी पाहिलं नसेल असं नाही, मोसंबीच्या रसाचंही तेच. फळाच्या पाकळ्यांमध्ये एक पदार्थ असतो, तो स्वतः कडू नसतो, पण फळ पिळलं की रसातल्या ॲसिडशी त्याची गाठ पडते आणि त्याचं हळूहळू लिमोनिन तयार होतं, ते चांगलंच कडू. (वर आलेलं लिमोनीन वेगळं, ते वासाचं तेल. हे लिमोनिन कडवटपणाचं. नावं जवळची आहेत, काम वेगळं.) गरम केलं की हे काम आणखी लवकर होतं. रस काढून साठवणाऱ्या कारखान्यांपुढचीसुद्धा ही जुनीच अडचण आहे. म्हणून संत्र्याचा रस ट्रेमध्ये ओतून दीड तास भाजत ठेवला की ग्रेव्ही कडू होणारच, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं, रसायनच तसं आहे. रस वापरायचाच तर अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर ग्रेव्हीत, त्याच वेळी पिळलेला, बिया न चिरडता, कारण बियांमध्ये हे कडू द्रव्य सगळ्यात जास्त.

रेसिपीत मांसाखाली संत्र्याच्या चकत्या लावलेल्या असतात त्या फोटोत फार छान दिसतात. एखाद-दोन ठेवा, वास येतो, पण त्या दीड तास भाजलेल्या चकत्या पिळून ग्रेव्हीत घालू नका.

हर्ब्सचं सोपं आहे. रोझमेरी, थाइम, सेज ही टणक पानांची झाडं, त्यांचं तेलही चरबीत विरघळणारं आणि उष्णता सहन करणारं, म्हणून ती भाजण्यात चालतात. कोथिंबीर, पुदिना, तुळस ही नाजूक पानं ओव्हनमध्ये काळी पडतात आणि वास निघून जातो, ती शेवटी वरून. नागपुरात मॉलमध्ये आणि ऑनलाइन वाळलेली रोझमेरी-थाइम मिळते, वाळलेली घेतली तर ताज्याच्या एक तृतीयांश पुरे. आणि नाहीच मिळाली तर ओवा घ्या. थाइमला जो वास असतो तो थायमॉलचा, आणि ओव्यातही थायमॉलच असतं, त्यामुळे अर्धा चमचा ओवा हातावर चुरडून बटरमध्ये टाकला की फारच जवळची चव येते. कुंडीत पानओवा असेल, जाड लुसलुशीत पानांचा, तर तो बारीक चिरून स्किनच्या आत घाला. मला तर खरं सांगायचं तर संत्र्याच्या सालीसोबत ओवा थाइमपेक्षा जास्त आवडतो, त्यात चिमूटभर भिवापुरी मिरची टाकली की ते आपल्या तोंडाचं होतं.

हे सगळं कालवलेलं बटर स्किनच्या आत लावायचं, बाहेर नाही. बोटांनी स्किन हळूच सुटी करायची, फाडायची नाही, आणि आत पसरायचं. बटरमध्ये सोळा-सतरा टक्के पाणी असतं आणि दुधाचे कण असतात जे वर लावले तर आधी जळतात. बाहेरून तेल किंवा तूप चोळा. स्किन लाल-खरपूस होणं म्हणजे मायार रिॲक्शन, लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचा अभ्यास मांडला, साखर आणि अमिनो ॲसिड एकत्र तापून रंग आणि वास तयार होतो, आणि ती नीट जोर धरते १४० डिग्रीच्या आसपास. पण जोवर स्किनवर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १००च्या वर जातच नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. म्हणून फ्रिजमध्ये उघडं ठेवून सुकवायचं, म्हणून दर दहा मिनिटांनी रस ओतत बसायचं नाही, आणि म्हणून मध आणि सालीचा ग्लेझ, म्हणजे चकचकीत लेप, लावायचा असेल तर शेवटच्या आठ-दहा मिनिटांतच, आधी लावला तर साखर जळून काळी होते.

डीफ्रॉस्टबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. जंतू ४ ते ६० डिग्रीच्या मध्ये वाढतात, आणि नियम असा की कच्चं मांस बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, हवा ३२च्या वर असेल तर एकच तास. आता नागपूरचा मे महिना आठवा, पारा ४५च्या घरात. डिसेंबरात थंडी असली तरी फ्रोझन तुकडा वरून सुटतो आणि आत बर्फच राहतो, वरचा भाग तासन् तास तसाच कोमट. म्हणून सिंकमध्ये नाही, ओट्यावर नाही, फ्रिजच्या खालच्या खणात ताटात ठेवायचा, दोन किलोला साधारण एक पूर्ण दिवस. मिठाची रात्र वेगळी, म्हणजे शुक्रवारी रात्री खायचं असेल तर बुधवारीच फ्रीझरमधून काढा.

आणि धुणं. आपल्याकडे चिकन आणलं की नळाखाली धुतल्याशिवाय चैन पडत नाही, पण त्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांनी आजूबाजूच्या भाज्या-भांड्यांवर उडतात. पेपर टॉवेलने टिपून घ्या. मन मानतच नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन धुवा, नळाची धार नको, आणि नंतर सिंक साबणाने घासा.

भाजणं आता पाच ओळींत होतं. ओटीजी दोन्ही रॉड लावून १६० वर पंधरा मिनिटं आधी तापवायचा. ट्रेमध्ये कांदा-गाजराचे मोठे तुकडे आणि कपभर पाणी, म्हणजे खाली पडलेला रस जळत नाही, वर जाळी, जाळीवर ब्रेस्ट स्किनची बाजू वर. रॅक खालून दुसरा, कारण ओटीजी लहान, वरचा रॉड स्किनपासून चार बोटांवर येतो आणि आत कच्चं असतानाच वर काळं करतो, तसं व्हायला लागलं तर तेवढ्या जागी फॉइल ठेवा. दीड किलोला सव्वा ते दीड तास लागतो पण घड्याळावर जाऊ नका, पाऊण तासापासूनच मोजायला लागा. ६० दिसलं की ओव्हन २२० करा, ग्लेझ असेल तर आता लावा, आणि ७० ला बाहेर. मायक्रोवेव्हवाल्यांनी फक्त कन्व्हेक्शन मोड वापरायचा, मायक्रो मोडमध्ये स्किन उकडल्यासारखी होते.

वीस मिनिटं थांबायचं ते फक्त तापमानासाठी नाही. थोडं थंड झालं की आतला रस दाटसर होतो आणि कापल्यावर ताटात वाहून जात नाही. मग हाडाच्या कडेने सुरी फिरवून अख्खी छाती एका तुकड्यात सोडवा, आणि तंतू ज्या दिशेने जातात त्याच्या आडवं कापा, बोटाच्या अर्ध्या जाडीचे काप. उभं कापलं तर लांब तंतू दातात येतात आणि चांगलं भाजलेलंही चिवट वाटतं.

तोवर ट्रेमधला रस गाळून चमचाभर मैदा बटरवर परतून त्यात ओता, दाट झाला की गॅस बंद, आणि मग एका संत्र्याचा ताजा रस. आधी सांगितलं तसं, उकळायचं नाही.

मधेच एक गोष्ट सांगायची राहिली, टर्की आपल्याकडे नवी आहे असं समजू नका. मूळ ती मेक्सिकोकडची, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेली, आणि १६१२ मध्ये जहांगीर बादशहाकडे गोव्याहून एक टर्की आणली गेली. बादशहाला तिच्या मानेचे बदलणारे रंग इतके नवलाचे वाटले की त्याने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, फोटो शोधून पाहा, पिसांचं काम पाहण्यासारखं आहे.

आणि टर्की नाहीच मिळाली किंवा चार माणसांसाठी एवढा खर्च नको असेल तर हेच सगळं चिकनवर करा. चिकनवाल्या भाऊला आधीच सांगायचं, ‘भाऊ, ब्रेस्ट हाडासकट द्या, आणि स्किन काढू नका’, कारण आपल्याकडे विचारायच्या आधीच स्किन उतरवून मोकळे होतात, आणि बिनस्किनचं भाजलं तर बटर लावायला जागाच राहत नाही. अर्धा किलोच्या तुकड्याला मीठ पाच-सहा ग्रॅम, एक सपाट टीस्पून, चार-पाच तास पुरे. तुकडा लहान म्हणून ओव्हन सुरुवातीपासूनच २०० वर, नाहीतर स्किन लाल व्हायच्या आधी आत शिजून जातं. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, पंचविसाव्या मिनिटापासून मोजा, आणि इथे ७१-७२ ला काढा कारण लहान तुकड्यात बाहेर आल्यावर तापमान कमी चढतं, दोन-तीन डिग्रीच.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस चालतं. परत गरम करताना काप ग्रेव्हीत घालून झाकण ठेवून मंद आचेवर नुसते वाफ येईपर्यंत, ग्रेव्हीला उकळी फुटू द्यायची नाही.